‘दादा, औषध कोणतं घालू?’ : सातेरीच्या पेटीतला रोग, पाऊस आणि शेजारची फवारणी

(या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत. ऑडिओत मागे जो सततचा आवाज येतोय तो पडवीच्या पत्र्यावरचा पाऊस आहे. जूनमध्ये रत्नागिरीत रेकॉर्डिंग करायचं तर त्याला इलाज नाही.)



गेल्या रविवारी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. लांज्याच्या बाजूचा एक मुलगा आहे, आपले भाग ऐकतो, त्याच्याकडे सातेरीच्या दोन पेट्या आहेत. फोटोत पिल्लांची चौकट होती. काही घरं टोपण लावून बंद, काही उघडी, काहींच्या टोपणांना वेडीवाकडी भोकं. उघड्या घरांतून अळ्यांची तोंडं वर उचललेली, टोकाला करडी-काळसर. आणि खाली एकच ओळ, ‘दादा, औषध कोणतं घालू?’

उत्तर खरं तर दोन शब्दांचं आहे. कोणतंच नाही. पण नुसतं एवढं लिहून पाठवलं असतं तर तो दुसऱ्या कुणाला तरी विचारणार, आणि तो दुसरा काहीतरी सांगणारच. मला माहीत आहे, कारण तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी विचारला होता. माझ्याकडे तेव्हा चार पेट्या होत्या. एका ग्रुपवर कुणीतरी सांगितलं, मेडिकलमधून अमुक कॅप्सूल आण, साखरेच्या पाकात फोडून टाक, आठ दिवसांत फरक. मी टाकली. आठ दिवसांत फरक पडला हे खरं. दोन वसाहती पेटी सोडून उठून गेल्या, तिसरी हळूहळू संपली. चौथी वाचली, तिला मी काहीच घातलं नव्हतं, कारण कॅप्सूल संपल्या होत्या. आणि त्या तिसऱ्या पेटीतला दीडेक किलो मध आईनं आधीच बरणीत भरून ठेवला होता, तो मी परड्यात खड्डा काढून ओतला. आईला कारण सांगायला दोन दिवस लागले.

म्हणून आजचा भाग त्या फोटोवर.

आधी काडेपेटी घ्या

अळी मेलेली दिसली की सगळ्यालाच ‘रोग’ म्हणायची आपल्याला सवय आहे. पण पेटीत अळ्या मरायला निदान चार-पाच वेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. मी एका प्रशिक्षणाला गेलो होतो, तिथे शिकवणाऱ्या सरांनी प्रोजेक्टर लावायच्या आधी सगळ्यांना एकेक काडेपेटीची काडी वाटली. आम्हाला वाटलं धुरांडं पेटवायला. नाही, ती निदानाची काडी होती.

काडीच्या टोकानं मेलेली अळी हळूच घरातून बाहेर काढायची. ती अख्खी निघाली, कातडीची छोटी पिशवी असल्यासारखी, आणि आत पाणी दिसलं, तर तो सॅकब्रूड. सॅक म्हणजे पिशवीच. अळीचं घर बंद होतं, ती पाठीवर ताणून पडते, आता शेवटची कात टाकून कोषात जायचं, आणि तिथेच ती अडकते. कात सुटत नाही, जुनी कातडी आणि अंग यांच्यामध्ये पाणी साचतं. आधी मोत्यासारखी पांढरी असते ती पिवळट होते, मग तपकिरी, आणि शेवटी वाळून होडीसारखी होते. दोन्ही टोकं वर, मध्ये खोल. ती होडी घरातून सहज सुटून येते. कामकरी माश्यांना वास लागला की त्या टोपण कुरतडून उघडतात, म्हणून ती भोकं आणि ती वर आलेली तोंडं.

काडी बाहेर ओढताना तपकिरी तार निघाली, गोंदासारखी, बोटभर लांब, तर गोष्ट वेगळी. तो अमेरिकन फाउलब्रूड, जिवाणूचा रोग. आणि अळी लहानपणीच, घर बंद व्हायच्या आधीच मेलेली, वेडीवाकडी पडलेली, पिवळट, आंबूस वास, असं असेल तर युरोपियन फाउलब्रूड. पोळ्यावर पांढऱ्या जाळीचे बोगदे दिसले तर मेणपतंगाच्या अळ्या. आणि अळ्या दिसतच नाहीत, अंडी आहेत, मधाची घरं कोरडी ठणठणीत, तर तो रोगच नाही. ती उपासमार आहे. भूक लागली की माश्या स्वतःची पिल्लं खातात. ऐकायला वाईट वाटतं, पण त्यांचा हिशेब बरोबर असतो.

आणखी एक. दर महिन्याला मला निदान एक फोटो असा येतो की, ‘दादा, टोपणांना मधोमध बारीक भोक आहे, रोग आहे का?’ नीट गोल, अगदी मध्यावर, टोपण फुगीर टोपीसारखं? ते नराचं घर आहे. सातेरीच्या नरांच्या टोपणाला असं भोक असतंच. त्यावर औषध शोधू नका.

तर लांज्याच्या त्या मुलाला मी काडी घालून बघायला सांगितलं. तासाभरात उत्तर आलं, ‘पिशवी आली. पाणी पण.’

व्हिडिओतली माशी वेगळी

आता इथे जरा थांबूया, कारण पुढचा गोंधळ इथूनच सुरू होतो. मधमाशीचे रोग असं यूट्यूबवर टाकलं की पहिले वीस व्हिडिओ वरोआचे येतात. वरोआ म्हणजे माशीच्या अंगाला चिकटणारी तांबूस गोचिडीसारखी माइट. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडची वाफ, फॉर्मिक ॲसिडचे पॅड, पट्ट्या, पिठीसाखर. अमेरिकेतला, युरोपातला, अगदी पंजाब-हरियाणातला माणूसही त्याबद्दल बोलतो आणि तो बरोबरच बोलतो. पण त्याच्या पेटीत आहे एपिस मेलिफेरा, युरोपियन माशी. ती आपल्याकडे १९६०च्या दशकात हिमाचलमध्ये नगरोटा इथे आणून रुजवली, तिथून उत्तरेत पसरली. आपल्या जांभ्याच्या भिंतीत, फणसाच्या ढोलीत घर करणारी सातेरी म्हणजे एपिस सेराना. वरोआ मुळात हिचीच माइट. १९०४ साली शास्त्रज्ञांनी तिचं पहिलं वर्णन केलं तेच जावा बेटावरच्या सेरानाच्या पोळ्यातून. हजारो वर्षं दोघींचं एकत्र चाललंय. वरोआ सातेरीच्या पेटीत नरांच्या घरातच नीट वाढते, कामकरीच्या घरात तिची डाळ शिजत नाही. माश्या एकमेकींच्या अंगावरून ती ओढून काढतात. नराच्या घरात जास्त झाली तर तो नर आतच मरतो, जाड टोपण कुणी उघडत नाही, आणि माइटही आतच गाडली जाते.

मग माणसानं मेलिफेरा आशियात आणली, माइटनं उडी मारली, आणि नव्या माशीकडे ही समजूत नव्हती. त्यातून जगभर काय झालं ते तुम्ही व्हिडिओत बघता. ऑस्ट्रेलिया शेवटपर्यंत वाचला होता, २०२२च्या जूनमध्ये तिथेही न्यूकॅसल बंदराजवळ सापडली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ती समूळ काढायचा नाद सोडला.

तर तो पॅच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे. तो आपल्या मशीनवर टाकायचा नाही. सातेरीच्या छोट्याशा पेटीत ॲसिडची वाफ घातली तर माइटचं काय होईल ते होईल, माश्या मात्र दुसऱ्या दिवशी घर सोडतील.

उलट, सातेरीचा खरा शत्रू त्या वीस व्हिडिओंत जवळजवळ नसतो.

१९९१

सॅकब्रूड हा विषाणू आहे. सातेरीला होणारा त्याचा प्रकार थायलंडमध्ये १९७६ च्या सुमारास ओळखला गेला म्हणून त्याला थाई सॅकब्रूड म्हणतात. १९९१-९२ मध्ये तो दक्षिण भारतात पसरला. केरळ, कर्नाटक, तामिळनाडू. तिथल्या सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती त्या लाटेत गेल्या असं सांगितलं जातं. कोडगूसारखा जिल्हा, जिथे कॉफीच्या मळ्यांत आणि घराघरांत पेट्या होत्या, तिथे रिकाम्या पेट्या उरल्या. केरळात कित्येकांनी रबराच्या मळ्यांत मेलिफेरा आणून ठेवली. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा दोन हंगामांत मोडला.

आणि मग काय झालं? कुठलंही औषध आलं नाही. आजही नाही. ज्या थोड्या वसाहती तगल्या, जंगलात, कुणाच्या परसात, त्यांच्यापासून सातेरी पुन्हा वाढली. आता तो रोग अधूनमधून येतो, काही पेट्या नेतो, पण त्या वेळेसारखा सगळं साफ करत नाही. तगलेल्या राण्यांच्या लेकी-नातींनी हे काम केलं.

मला हे कळलं तेव्हा माझी चौथी पेटी आठवली. कॅप्सूल न मिळालेली.

आता कॅप्सूलबद्दल. प्रतिजैविक, अँटिबायोटिक, जिवाणूवर चालतं. विषाणूवर नाही. आपल्याला सर्दी झाली की डॉक्टर जे सांगतात तेच. पण मधमाशीच्या बाबतीत तोटा तिथेच थांबत नाही, कारण पाक शेवटी मधाच्या घरात जातो आणि मध बरणीत. २०१० मध्ये युरोपीय संघानं भारतातून येणारा मध रोखला होता, त्यामागे प्रतिजैविकांचे अंश हे एक मोठं कारण होतं. तुम्ही म्हणाल, आमचा मध कुठे युरोपात जातोय, शेजारच्या काकू नेतात. तेच तर. काकू तो नातवाच्या खोकल्यासाठी नेतात.

मग करायचं काय

जे करायचं ते औषधापेक्षा कंटाळवाणं आहे. फोटोतल्या मुलाला मी सांगितलं ते इथे सांगतो.

पहिलं, त्या पेटीची कुठलीच चौकट दुसऱ्या पेटीत घालायची नाही. आपण काय करतो, एक वसाहत अशक्त दिसली की दुसरीची पिल्लांची चौकट तिला देतो. या रोगात तेच महागात पडतं. पेटी हाताळल्यावर हात आणि सुरी साबणानं धुवायची, मगच दुसरी उघडायची. निरोगी पेटी आधी बघायची, आजारी शेवटी. सोपं आहे, पण आपण उलटं करतो, कारण काळजी आजारी पेटीची असते.

दुसरं, विषाणूला अळ्या मिळू द्यायच्या नाहीत. मेलेली अळी साफ करणाऱ्या तरुण माश्यांच्या तोंडात विषाणू जातो आणि त्याच माश्या नव्या अळ्यांना भरवतात. हे चक्र तोडायचं तर काही दिवस पेटीत भरवायला अळीच नको. म्हणून राणीला जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात त्याच पेटीत ठेवायचं, माश्या जाळीतून तिला भरवतात. दोन-अडीच आठवडे. अंडी बंद, अळ्या बंद. राणी अडकलेली असते तोवर वसाहतही सहसा उठून जात नाही, हा वरचा फायदा. फार खराब झालेली पोळी काढून जाळायची. पुरायचीही नाहीत, मुंगूस उकरतो. या काळात पाक द्यायचा. पिंजरा उघडल्यावर राणी पुन्हा घालायला लागते आणि बऱ्याचदा नवी पिल्लं स्वच्छ निघतात. बऱ्याचदा म्हणतोय, नेहमी नाही. पुन्हा तसंच दिसलं तर ती राणी ठेवायची नाही, तगलेल्या पेटीतल्या राणीघरावर नवी राणी करून घ्यायची.

तिसरं, आणि यावरून माझं लोकांशी वाजतं. लांबून वसाहती विकत आणू नका. सबसिडीची पेटी मिळते म्हणून परजिल्ह्यातून, परराज्यातून आलेल्या वसाहती गाडीतून उतरवल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर काय उतरतंय ते कुणी काडी घालून बघत नाही. आपल्या वाडीत ज्या वसाहती दोन-तीन पावसाळे काढून उभ्या आहेत, त्यांच्यापासून वाढवा. वाढ सावकाश होते. होऊ दे.

पाऊस

खरं सांगायचं तर कोकणात रोगापेक्षा जास्त वसाहती पाऊस नेतो, आणि त्यातली बरीचशी चूक मे महिन्यात झालेली असते. काजू, आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन असा एकामागून एक फुलोरा येतो, वरचा मधाचा कप्पा भरतो, आणि पाहुणे मुंबईहून आलेले असतात. ‘एक चौकट अजून पिळू’ असं म्हणून आपण शेवटची चौकटही पिळतो. मग जून. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. दिवसच्या दिवस माशी दाराबाहेर पडत नाही. पडली तरी फुलात मध नाही, धुऊन गेलेला. नारळाला बारा महिने पोय येते म्हणून थोडे परागकण मिळतात, पण परागकणांवर घर चालत नाही.

सातेरीचा स्वभाव असा की घरात काही नाही म्हटल्यावर ती मरत बसत नाही. ती उठून जाते. आपण सकाळी बघतो तर पेटी रिकामी. लोक म्हणतात, ‘माश्या पळाल्या.’ पळाल्या नाहीत हो, आपण हाकलल्या.

तर मधाचा वरचा कप्पा पूर्ण पिळायचा नाही, खालच्या कप्प्यातल्या मधाला तर हातच लावायचा नाही. पाऊस लागला की साखरेचा पाक. एक किलो साखर, एक लिटर पाणी. पाणी उकळून खाली उतरवायचं, मग साखर विरघळवायची, गार करायचं. संध्याकाळी, पेटीच्या आत, वाटीत, वर दोन-चार काटक्या टाकून, नाहीतर माश्या बुडतात. बाहेर एक थेंब सांडायचा नाही, सांडला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि मग रणधुमाळी. गूळ नको, त्यानं त्यांचं पोट बिघडतं. दुकानातला मध तर अजिबात नको, कुठल्या पेटीतला रोग त्यात आलाय कुणास ठाऊक.

मेणपतंगाचंही इथेच सांगतो. सातेरी जुनं पोळं स्वतःच कुरतडते, त्याचा भुगा तळाच्या फळीवर पडतो, आणि पतंगाच्या अळ्या त्याच भुग्यात पोसतात. मेलिफेरा झाडांचा डिंक आणून फटी बुजवते, सातेरी तो आणत नाही. म्हणजे फटी आपण बुजवायच्या आणि तळपाट आपण झाडायचा. आठवड्यातून एकदा, पेटी न उघडता, फक्त तळ सरकवून. माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी पावसाआधीच काढून टाकायची. चार चौकटींवर दाट बसलेली वसाहत सात चौकटींवर पसरलेल्या वसाहतीपेक्षा जास्त टिकते.

आणि स्टँडच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या. पावसात त्या आपोआप भरतात म्हणून आपण बघत नाही. पण एखादं पान किंवा गवताची काडी पडते, मुंग्यांना पूल मिळतो. माझी वाचलेली चौथी पेटी पुढच्या वर्षी जवळजवळ गेली होती ती अशीच, आंब्याच्या एका पानामुळे.

अण्णा

आता फवारणी. हा विषय निघाला की आपण मधमाशीवाले एकदम साधुसंत होतो आणि बागायतदार खलनायक. तसं नसतं.

माझ्या पेट्यांच्या गडग्यापलीकडे अण्णांची हापूसची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत सकाळी दारासमोर ओंजळभर मेलेल्या माश्या. काही अजून थरथरत होत्या, जिभा बाहेर आलेल्या. हे ओळखायला काडी लागत नाही. रोगात पिल्लं मरतात, पेटीच्या आत, हळूहळू. विषानं बाहेर फिरणाऱ्या माश्या मरतात, एका दिवसात, दारात ढीग. मी रागानं गडगा ओलांडून गेलो. अण्णा पंप धूत होते. म्हणाले, ‘तुझ्या माश्यांसाठी माझा मोहोर तुडतुड्याला घालू काय रे? वर्षाचं पीक आहे ते. तुझा मध किती, पाच किलो?’

पाच किलोही नव्हता. गप्प बसलो.

मोहोरावर तुडतुडे बसले की रस शोषतात, चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी, मोहोर गळतो. फवारणी न करता हापूस घ्या असं मी कुणालाच सांगू शकत नाही. पण कधी आणि काय, यात जागा असते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही नावं आपल्याकडे बागेतल्या गड्यालाही पाठ असतात. युरोपीय संघानं २०१८ मध्ये यांचा उघड्या शेतातला वापर थांबवला, आणि त्यामागचं कारण मधमाश्याच होत्या. मोहोर फुटायच्या आधीची फवारणी आणि फुलं उमलल्यावरची फवारणी यांत माश्यांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. भर फुलोऱ्यात टाळता आली तर उत्तम. नाहीच टाळता आली तर संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर.

अण्णांशी ठरलं ते एवढंच, की आदल्या दिवशी फोन करायचा. फोन आला की मी रात्री पेटीच्या दाराला जाळी लावतो, वर ओलं पोतं टाकतो, सावली धरतो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडतो. त्याहून जास्त वेळ कोंडून ठेवता येत नाही, आत गुदमरतात. औषधाचा अंश फुलावर दिवसभरात जात नाही, त्यामुळे हा पूर्ण उपाय नाही, हे मला माहीत आहे. म्हणून गेल्या वर्षी ऐन मोहोरात मी पेट्या मामाच्या गावी नेल्या, आठ किलोमीटरवर, तिथे काजू आहे आणि फवारणी कमी. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरात फिरते, पण जवळच हलवली तर जुन्या जागेवर परत येते, म्हणून निदान तीन किलोमीटर तरी लांब न्या.

अण्णांना मी एकदा सांगायला गेलो होतो की माश्यांमुळे आंब्याला फायदा होतो. त्यांनी विचारलं, ‘किती?’ खरं उत्तर असं आहे की मोहोरावर साध्या माश्या, सातेरी, ती डंख नसलेली बारीक माशी, सगळ्याच येतात, आणि हापूस एकट्या सातेरीवर चालतो असं म्हणणं थाप ठरेल. मी तसं सांगितलं. माझा समज असा आहे की तेव्हापासून ते न चुकता फोन करतात.

शिकायचं कुठे

पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची, १९६२ पासून. महाबळेश्वरला राज्य खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथलं काम १९४६ पासूनचं. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत साहित्यावर ५० टक्के अनुदान आणि मोफत प्रशिक्षण आहे. आपल्याकडे दापोलीचं कृषी विद्यापीठ आहेच. प्रशिक्षणाला जरूर जा. फक्त मी गेलो होतो तिथे चाळीसातले तीस जण अनुदानाचा फॉर्म कुठे मिळतो एवढंच विचारत होते, आणि सरांनी रोगाची चौकट फिरवली तेव्हा बरेचसे चहाला गेले होते. तेव्हा चहाला जाऊ नका.

शेवटी फोटोबद्दल, कारण तुम्ही पाठवणार आहात. पावसात पेटी उघडू नका. उघडीप मिळाली, ऊन पडलं, तर अकरा ते एकच्या दरम्यान, पाच मिनिटं, बस. चौकट उभीच धरा, आडवी केली तर नवं पोळं तुटतं. ऊन तुमच्या खांद्यावरून घरांच्या तळाशी जाईल असे उभे राहा, फ्लॅश नको. एक फोटो पूर्ण चौकटीचा, एक चार-पाच घरांचा जवळून, आणि एक काडीवर काढलेल्या अळीचा. मेलेल्या माश्या असतील तर दारातल्या फळीचाही. आणि शेजारी कुणी फवारलंय का, कधी, ते लिहा.

लांज्याच्या मुलानं काल राणी पिंजऱ्यात घातली. पिंजरा म्हणून बहिणीचा केसांचा प्लॅस्टिक रोलर वापरलाय, दोन्ही टोकांना जाळी बांधून. दुसरी पेटी अजून स्वच्छ आहे, ती तो आधी बघतो. अडीच आठवड्यांनी उघडेल, तेव्हा काय निघालं ते पुढच्या महिन्यात सांगतो.